घड्याळजींचं कॉफी मशीन

घोळ भाच्याने घातला, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक मामालाच नावं ठेवतील.

मामा चौतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होता. मागच्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. मनगटी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग एकाच्या दोन दिसायला लागली आणि त्याने दुकानाला कुलूप लावलं. तेव्हापासून तो घरी बसून होता. बसून म्हणजे खरोखरच बसून. हात मांडीवर आणि अंगठा तर्जनीवर फिरतोय, जणू कुणाच्या तरी घड्याळाला चावी देतोय. मामी तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने तपासते, सकाळी सातला घर सोडते. ती भाच्याला म्हणाली, "यांना कसला तरी नाद लाव बाबा. परवा माझ्या चपलांना पॉलिश केलं. रबरी चपलांना."

दुकान चालू असताना मामा दिवसातून दोनदा समोरच्या कॉफीवाल्या बाईंकडे उभ्याउभ्या छोटीशी, घट्ट, काळी एस्प्रेसो घ्यायचा. कुलूप लावल्यापासून त्या गल्लीकडे फिरकलाच नव्हता. भाच्याने विचार केला, कॉफीच घरी आणू. तीन आठवडे त्याने मोबाइलवर माहिती वाचली. पंपाचा दाब किती, पाणी किती वेळात तापतं, सगळं पाठ केलं. पिणारा माणूस कसा आहे, एवढंच बघायचं राहिलं. शेवटी आणलं ते सगळ्यात हुशार मशीन. बटण दाबा, बिया आतल्या आत दळल्या जातात, दुधाला फेस येतो, वर ते स्वतःची आंघोळही उरकतं.

"प्यायचं तेवढं आपण प्यायचं ना, की तेही तेच?" मामीने विचारलं.

मामाने बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, कप भरला. तो प्यायला.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"मग तोंड का असं?"

"अरे, चांगलीच आहे. पण झाली की." आणि हात पुन्हा मांडीवर.

मशीन पंधरा दिवसांत परत करता येणार होतं. शनिवारी भाचा खोकं घेऊन आला, तर जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलेलं आणि मशीन गायब. म्हणजे होतं तिथेच, पण सुटं. स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे, रबरी नळ्या एका बाजूला, आणि मध्ये मामा, जाड भिंग लावून.

"मामा, बिघडलं होतं का?"

"नाही."

"मग उघडलंस कशाला?"

मामाने त्याच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. हातात आलेलं घड्याळ, नवं असो की जुनं, एकदा उघडून पुसल्याशिवाय चालू करायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. उरलेल्या जगात याला वॉरंटी घालवणं म्हणतात.

"सील तुटलं. आता ते परत घेणार नाहीत."

"परत द्यायचंय कुणाला? वर्षभरात पहिल्यांदा सकाळ कुठे गेली कळलं नाही."

हे ऐकून भाच्याच्या डोक्यात उजेड पडला. मशीन जोडून झाल्यावर (एक स्क्रू उरला, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं ठरलं) त्याने मामाला ओढतच कॉफीवाल्या बाईंकडे नेलं.

बाईंनी दाबाबिबाचं काही विचारलं नाही. "काका, सकाळी घाई असते?"

"मला कसली घाई? दुपार कशी ढकलायची ते सांगा."

"दूध घालणार?"

"मी नाही. आमची ही घालते. तिला मात्र दोन मिनिटांत हवी असते."

"मग ते बटणाचं काकूंना राहू दे. तुम्हाला हे." त्यांनी मागच्या खोलीतून एक जुनं मशीन आणलं. वर लांब दांडा, तो हाताने दाबायचा, म्हणजे पाणी कॉफीतून उतरतं. बंद पडलेलं होतं. सोबत हाताने फिरवायची चक्की. "आणि चक्कीत कंजुषी नाही. दळण जाड राहिलं की पाणी पळून जातं आणि कॉफी आंबट होते. मशीन कितीही भारी असो."

"किती द्यायचे?"

"पैसे नकोत. ते भिंतीवरचं घड्याळ चालू करून द्या. तुम्ही गेल्यापासून बंद आहे."

मामाचा चेहरा उतरला. "डोळे राहिले नाहीत हो आता."

"भिंतीवरचं आहे, काका. ताटाएवढं."

मामाने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "स्टूल द्या."

घड्याळ आणि मशीन घेऊन घरी आल्यावर त्याने मशीनमधलं कडक झालेलं रबरी कडं बदललं आणि दांडा दाबला. पहिला कप आठ सेकंदांत. मामीने घोट घेतला. "अहो, लिंबू पिळलंय का?" दळण बारीक केलं, तर थेंब थेंब गळायला लागलं आणि चव औषधासारखी कडू. मग चक्की एक खाच मागे, परत अर्धी पुढे. इथे डोळ्यांचं कामच नव्हतं. पाणी किती अडतंय ते दांड्यावरच्या हाताला कळत होतं, आणि सेकंद मोजायला मामाला काही बघावं लागत नाही, ते चौतीस वर्षं त्याच्या कानात आहेत. सहाव्या दिवशी अठ्ठावीस सेकंदांत मधासारखी धार उतरली. मामा प्यायला आणि लगेच चक्कीत पुढच्या बिया टाकल्या.

आता मामीची तक्रार वेगळी आहे. ओट्यावर दोन मशिनं आणि पोळपाट ठेवायला जागा नाही. शिवाय तिची बटणाची कॉफी होत असताना मामा शेजारी उभा राहून हळहळतो.

बाईंचं घड्याळ मात्र चार महिने झाले तरी मामाकडेच आहे. चालू आहे, उत्तम चालू आहे. पण मामाच्या मते ते आठवड्याला अर्धा मिनिट मागे पडतं, आणि असलं काम तो हातातून सोडत नाही. बाईंच्या दुकानात भिंतीवर गोल पांढरा डाग राहिलाय आणि गिऱ्हाइकं वेळ पाहायला सवयीने त्याच्याकडेच बघतात. परवा बाईंनी विचारलं, "काका, घड्याळाचं काय?"

"या आठवड्यात नक्की," मामा म्हणाला, आणि पाव किलो बिया घेऊन घरी आला.