दाजींचे पैकीच्या पैकी गुण

कराडहून निघताना बायकोने बजावलं, "तिथे जाऊन शहाणपणा करू नका." मी कबूल केलं खरं, पण ताईचा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता. दाजी नातीला शाळेतून स्कूटरवर आणताना रस्ता चुकले होते. संध्याकाळपर्यंत दोघांचा पत्ता नव्हता, आणि एवढं होऊनही दाजी किल्ली सोडायला तयार नव्हते.

घोडबंदरच्या कोंडीत कंबर आखडून वसई फाट्याला उतरलो. ताईचं गाव गास, तसं सांगितलं तरी रिक्षावाल्याने भलत्याच वसाहतीत नेऊन सोडलं. हुज्जत घालून दुसरी रिक्षा केली. नालासोपाऱ्याच्या इमारती संपल्या आणि केळीच्या बागा, इकडच्या भाषेत वाड्या, लागल्या. ताई शाळेतल्या नोकरीसाठी इकडे आली आणि याच गावातल्या, गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी लग्न करून इथलीच झाली. नवऱ्याला ती अजून 'सर' म्हणते. दाजी आता ऐंशीला टेकलेत.

जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. दाजी छान गप्पा मारत होते. ताई उगाच घाबरते, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला वृद्धांच्या स्मरणशक्तीची तपासणी होती. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, वाळत्या मासळीचा वास थेट सभागृहात येत होता. आमच्या आधी एक कोळीण आजी होत्या, वय नव्वदीकडे. कागदावर आकृती काढायला सांगितल्यावर त्यांनी पेन परत दिलं. "मी शालंन गेलीच नाय. पेन कवा धरलाच नाय."

गुण कमी पडले तशी सोबत आलेल्या सुनेचा चेहरा उतरला.

"घाबरू नका," तपासणारी तरुण डॉक्टर म्हणाली. "वय आणि शिक्षण धरूनच हे गुण वाचायचे असतात. घरचं सगळं नीट करतात ना?"

"सगला करते. सयपाक पन तीच करते."

"मग आजार म्हणायची घाई नको. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

दाजींची पाळी आली. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, हे त्यांनी वर्गात उभं राहिल्यासारखं धडाधड म्हटलं. पैकीच्या पैकी गुण पडले. डॉक्टर मात्र हसली नाही. "शिकलेल्यांना अशा प्रश्नांची सवय असते, त्यामुळे सुरुवातीचा विसर त्यात झाकला जातो. म्हणून घरच्यांना विचारते. काही बदल जाणवतो?"

ताईने दाजींकडे पाहिलं. "नाही, तसं काही नाही."

मला तिचा संताप आला. पण चार लोकांसमोर सरांना नापास करणं तिला जमणार नव्हतं. मलाही जमलं नाही.

रात्री भाचा अमोल म्हणाला, "चला, बाबा पास. सोमवारपासून पोरीला आणायला शाळेत तेच जातील." ताईने ताट बाजूला सारलं.

सकाळी मी वाडीत गेलो. दाजी पहाटेच उठून सुकेळी घालत होते. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. या घरात ती लहानपणापासून प्रत्येकजण करतो. दाजींनी मांडवावर केळी नीट ओळीत मांडली होती. सगळी सालासकट.

ताई आली आणि एकेक केळं सोलू लागली. अमोलही येऊन पाहत राहिला. दाजींनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग मांडवाकडे.

"कालचा पेपर सोपा होता गं," ते म्हणाले. खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्यांनी अमोलच्या हातावर ठेवली. "डॉक्टरला हे सांगा."

त्या दिवशी ताई पुन्हा डॉक्टरकडे गेली आणि सगळं बोलली. मी परतीच्या एसटीत बसलो तेव्हा मला रडू आलं. दाजींना आपली चूक अजून स्वतःहून कळते, याचा आनंदही त्यात होता. हे कळणं किती दिवस टिकेल, ते मी डॉक्टरला विचारलं नाही.

आता ताई आणि दाजी नातीला आणायला चालत जातात. येताना नात पाढे विचारते आणि दाजी एकही चुकत नाहीत, असं ताई फोनवर सांगते. कुठे वळायचं, ते मात्र त्यांना नात सांगते.