परसातला धूर

आमचे हे मस्कतहून कायमचे परत आले आणि एस.टी. स्टँडजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढून बसले. गल्फवाल्यांच्या घरांतले टेपरेकॉर्डर, व्हीसीआर बिघडले की आमच्याकडे यायचे. जे सुधारण्यापलीकडचे असत, त्यांचे सर्किट बोर्ड हे गोणीत भरून घरी आणत. रविवारी परसात, दगडी गडग्याच्या आडोशाला ते पेटवायचे आणि राखेतून तांबं वेचायचे. गोडसर, घशाला चिकटणारा वास सुटायचा.

"अहो, बाधेल हा धूर."

"वारा समुद्राकडे आहे गो. जाईल."

काही वर्षांनी खोकला लागला, तो हटेना. "घरी काही जाळता काय?" डॉक्टरांनी विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं.

"त्यात शिसं असतं. आजपासून बंद."

यांनी पुन्हा काडी लावली नाही. पण उशीर झाला होता. पुढचा गणपती त्यांनी पाहिला नाही.

उरलेल्या गोण्या मागच्या खोलीत होत्या. भंगारवाला आला. "वहिनी, द्या. आम्ही जाळून मोकळं करतो."

"कुठे जाळणार?"

"पावस गावच्या रस्त्याला, कातळावर."

मी त्याला परत पाठवलं. जाऊबाई चिडल्या. "अगो, मढी राखल्यासारखी काय राखतेस?"

मग भर दुपारी त्या खोलीतून आवाज येऊ लागला, बोर्डावर बोर्ड घासल्यासारखा. हे गोणी उपसत तेव्हा अगदी असाच यायचा. घूस असेल म्हणून मी दार उघडायचे. आत काही हललेलं नसायचं. पुढे पुढे मी दार उघडणंच सोडलं. बाहेरूनच म्हणायचे, "पान वाढलंय."

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग पुण्याच्या भाच्याने एका परवानाधारक कारखान्याची माहिती काढली. तिथे बोर्ड बंद यंत्रात दळतात, धातू वेगळे काढतात, धूर बाहेर सोडत नाहीत. मी फोन करून सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि मगच हो म्हटलं.

टेम्पो आला. हातमोजे घातलेल्या माणसांनी गोण्या उचलल्या. शेवटची निघाली तेव्हा मी चालकाला म्हटलं, "वाटेत कुठे उघडू नका हो."

"नाही काकू."

टेम्पो पालीच्या दिशेने गेला. मी खोली झाडली, फरशी दोनदा पुसली आणि उंबऱ्यावर बसले. "गेलं हो सगळं," मी मोठ्याने म्हटलं. आणि तशीच बसून राहिले, कान आत लावून.