ऑपरेशन थिएटरच्या दाराजवळची खुंटी

माझा मावसभाऊ वसंत गेल्या महिन्यात जळगावात राहत्या घरी वारला. त्याची थोरली बहीण सुमनअक्का सकाळी त्याला चहाला उठवायला गेली, तेव्हा ते कळलं. झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय साठीच्या आसपास होतं.

वसंत डाळ मिलमध्ये रिकामी बारदानं झटकून त्यांच्या घड्या घालायचा. एक घडी केलेलं बारदान कायम त्याच्या काखेत असे. नवी गोष्ट कळायला त्याला वेळ लागे, बोलणं मोजकं, आणि अनोळखी हात अंगाला लागला की तो घाबरे. अशांना तेव्हा सरसकट मतिमंद म्हणत. मी ज्या पेपरात काम करी, त्यातही तोच शब्द छापला जाई. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यात तापासाठी त्याला दवाखान्यात ठेवलं होतं. त्यानं सलाईनची सुई उपसली म्हणून बँडेजनं त्याचे दोन्ही हात खाटेला बांधले गेले. त्यानंतर दवाखान्याचं फाटक दिसलं की तो रस्त्यातच खाली बसायचा.

पुढे काही वर्षांनी त्याला हर्निया झाला. आतडं अडकलं तर जीव जाईल, त्याआधी ऑपरेशन करा, असं जळगावच्या एका रुग्णालयातल्या सर्जननी सांगितलं. अक्का त्याला फाटकापर्यंत घेऊन गेली. तो बसला. "आठे कोन बांधस रे तुले?" अक्कानं विचारलं. "त्या बांधतस," एवढंच तो म्हणाला, आणि दोन्ही मनगटं पोटाशी धरून बसून राहिला...

त्या रुग्णालयाच्या मेट्रन अनुभवी होत्या. वसंतसारखे आणखी काही रुग्ण असेच परत गेले होते. मेट्रननी त्या सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. सभा आत भरली. रुग्णांना बाहेर व्हरांड्यात बिस्किटं देऊन बसवलं. चहा आला तेव्हा अक्का म्हणाली, "दुखनं त्यासनं, अन् सभा आपली?" मेट्रननी सतरंजी उचलायला लावली आणि सभा व्हरांड्यात नेली.

तिथून पुढे, जे करायचं ते रुग्णांना दाखवून आणि विचारून ठरू लागलं. एका मुलीला पांढऱ्या कोटाची भीती वाटे. तिच्यासाठी डॉक्टरांनी कोट काढून ठेवला. वसंतला ट्रॉली दाखवली. तो वॉर्डबॉय रघुनाथभाऊंना म्हणाला, "पहिले तू." रघुनाथभाऊ आडवे झाले आणि वसंतनं ट्रॉली ढकलत थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेली. "हळू रे वसंता, मना इमा नही शे!" रघुनाथभाऊ ओरडले. विम्याचं ऐकून सगळे हसले. उठल्यावर मात्र ते मेट्रनना म्हणाले, "बाई, निजल्यावर वरचे दिवे अंगावर पळत येतात. माणसाचं तोंडच दिसत नाही." ज्याला चालता येतं त्यानं थिएटरपर्यंत चालत जायचं, हे त्या दिवशी ठरलं.

बारदानावर अडलं. धुळीमुळे ते आत नेता येणार नाही, असं सर्जननी सांगितलं. वसंत ते सोडेना. शेवटी दाराबाहेर खुंटी ठोकायची आणि तो बाहेर येताच बारदान त्याला द्यायचं, असं ठरलं. खुंटी किती उंचीवर हवी, ते त्यानंच भिंतीला हात लावून दाखवलं. मग हातांचा प्रश्न आला; कमरेखालचाच भाग बधिर करणार होते, तो जागा राहणार होता. "हात मोकळे ठेवले आणि त्यानं मध्येच पोटाकडे नेले तर?" सर्जननी विचारलं. मेट्रन म्हणाल्या, "मग कोणीतरी धरायचे. कोणी, ते त्याला विचारू." वसंतनं रघुनाथभाऊंकडे बोट दाखवलं. "माले वाटनं मन्हं नाव लेई," अक्का म्हणाली. "भाकरी मी करस, अन् हात त्याना!"

ऑपरेशनच्या सकाळी वसंत फाटकाशी थांबला. बसला नाही. चालत थिएटरपर्यंत गेला, बारदान खुंटीला अडकवलं, परत काढलं, घडी नीट केली, पुन्हा अडकवलं... आत रघुनाथभाऊंनी शेवटपर्यंत त्याचे हात धरून ठेवले होते. बांधावे लागले नाहीत.

पुढे मिलच्या सुटीच्या दिवशी तो त्या व्हरांड्यात जाऊन बसे. नवीन कोणी घाबरलेलं आलं की ट्रॉली पुढे आणून रघुनाथभाऊंना हाक मारी. रघुनाथभाऊ कुरकुरत आडवे होत.

त्याच्या दहाव्यानंतर अक्कानं बारदान धुऊन वाळवलं. ते आता त्याच्या खाटेच्या उशाशी आहे. गेल्या सोमवारी अक्का रुग्णालयात गेली होती. खुंटीवर एका मुलीची लाल ओढणी होती. मुलगी चालत आत गेली होती.