वाकडे कापलेले केस

आमचे हे न्हावी. दुकानात तोंडाचा पट्टा अखंड चालू. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं, नजर आरशात आणि गप्पा रंगवायच्या. घरी आले की तोंडाला कुलूप. "बायकोसाठी उरलंसुरलं तरी आणत जा," असं मी कितीदा म्हटलं असेल.

साथ आली, दुकानाचं शटर पडलं. सुरुवातीला हे घरात कात्र्यांना तेल देत बसायचे. मग तेही सुटलं. दाढी वाढली. न्हाव्याची दाढी! जेवायला हाक मारली की "बघू." फोनवर लेक म्हणायची, "आई, वय झालंय बाबांचं, करू दे आराम." कसला डोंबलाचा आराम! आराम करणारा माणूस भिंतीकडे तोंड करून रडतो होय?

मी समोर बसून विचारायचे. लाडाने, रागाने, शपथ घालून. हे जमिनीकडे बघत राहायचे. एके दिवशी वस्तऱ्यांची पेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही लपवून ठेव." का, ते सांगेनात. हा माणूस हातचा जातोय, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि माझेच केस कापले. एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत. तशीच यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

हे बघतच राहिले. "अगं, काय हा अवतार! बस इथे."

कपाटाच्या आरशासमोर मला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली. कात्री चालू झाली. थोड्या वेळाने आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "मला जगावंसंच वाटत नाही गं. फार भीती वाटते."

मी वळायला गेले, तर यांनी दोन बोटांनी माझं डोकं सरळ केलं. "मान हलवू नकोस."

मग मी आरशातूनच बोलले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते ना बरोबर."

"बरं," म्हणाले. कधी नव्हे ते लगेच.

औषध सुरू आहे. काही दिवस बरे जातात, काही अगदीच वाईट. वाईट दिवशी मी आपणहून चादर घेऊन खुर्चीत बसते. माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. हे नुसतीच हवेत कात्री चालवतात आणि बोलतात. मी मान हलवत नाही.