जुन्या टायरांतलं पाणी

आमच्या आत्याला अख्खा रस्ता ‘हवाआत्या’ म्हणतो. तिचे यजमान गेल्यावर त्यांचं टायरचं दुकान तिनेच चालवलं. पंक्चर काढायचं, हवा भरायची, जुने टायर घ्यायचे, विकायचे. तोंडाने फटकळ, पण हात कामाला वाघ. रस्त्यापलीकडे तसंच दुसरं दुकान, पहिलवानांचं. पहिलवान म्हणजे नावालाच; फुंकर मारली तर उडतील असे. गिऱ्हाइकांवरून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ते काही बोलायला लागले की आत्या मुद्दाम कॉम्प्रेसर चालू करायची.

त्या वर्षी रस्त्यावर डेंग्यू शिरला. आधी कूलर दुरुस्तीवाला आडवा झाला, मग रोपवाटिकेतली बाई, आणि मग आत्याची सून. तापाने फणफणलेली, हाडं ठणकत होती, पाणीही पोटात ठरेना. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

ती तिथे असतानाच आरोग्यसेविका दुकानं तपासायला आली. मागच्या ढिगातल्या एका टायरमध्ये तिने टॉर्च मारला. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

आत्याने वाकून टायरात पाहिलं. “म्हणजे माझ्याच दुकानाने माझ्या सुनेला आजारी पाडलं?”

“तुमच्याच असं कसं म्हणू? पलीकडेही आहेत, रोपांच्या ताटल्यांत आहेत, भंगारातही आहेत. एकट्या तुम्ही साफ करून भागायचं नाही,” सेविका म्हणाली.

आत्याने त्याच दिवशी टायर रिकामे केले. पण टायर उभा ठेवा नाहीतर आडवा, पाऊस पडला की पोटात पाणी धरणारच. वर छप्पर हवं. आणि मोठी पत्र्याची शेड होती फक्त पहिलवानांकडे.

आत्या नाक मुठीत धरून पलीकडे गेली. मी सोबत होते.

“पहिलवान, माझे जुने टायर तुमच्या शेडमध्ये ठेवू द्याल?”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “ठेवा की. आधी सांगा, सुनबाई कशी आहे? जेवण जातंय का आता? डब्यात पातळच द्यायला सांगितलंय मी.”

“कुठला डबा?”

पहिलवान गडबडले. दवाखान्यात रोज येणारा डबा मित्राच्या घरून येतो, असं आत्याच्या मुलाने तिला सांगितलं होतं. तो येत होता पहिलवानांच्या घरून. आई रागावेल म्हणून पोरगा बोलला नव्हता.

आत्याने पदर खोचला आणि शेड रिकामी करायला लागली. पहिलवान मागून ओरडत राहिले, “अहो बाई, ते जड आहे, राहू द्या!”

आठवडाभरात रस्त्यावरचे सगळे जुने टायर त्या शेडखाली आले. ताडपत्रीवाल्याने भंगाराच्या ढिगावर ताडपत्र्या घातल्या. भंगारवाला आधी अडून बसला होता, “माझ्या मालाला हात लावायचा नाही.” आत्या म्हणाली, “बरं, नाही लावत. तुझ्या पोरीला ताप आला की मग बोलू.” संध्याकाळी तो स्वतःच ताडपत्री मागायला गेला. एका ट्रकमालकाने झिजलेले टायर फुकट रबराच्या कारखान्यात पोचवले. दर शनिवारी एकेका दुकानदाराने सगळ्यांची डबडी, ताटल्या, कूलर बघायचे ठरले. ज्याच्याकडे पाणी सापडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिले दोन चहा आत्याकडूनच झाले.

तापाचे रोगी कमी होत गेले. पुढच्या पावसाळ्यात कूलरवाल्याचा भाऊ तेवढा आजारी पडला, तोही लवकर उठला.

पण त्याच्या कितीतरी आधी, सून दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी, आत्याने रिक्षा आपल्या दाराशी थांबवूच दिली नाही. “आधी तिकडे घे,” म्हणाली. पहिलवानांची बायको ओल्या हातांनीच दारात आली. आत्याने ते हात धरले.

“वहिनी, माझं लेकरू तुमच्या अन्नाने उठलं.”

“अहो, पोरीला उन्हात काय उभं करताय, आत आणा आधी,” वहिनी म्हणाल्या आणि सुनेला धरून आत घेऊन गेल्या. आत्या उंबऱ्याशी डोळे पुसत उभी होती.