हळदीच्या दिवशी बंद असलेला जीन

तुमच्या घरातल्या पोरीचं आधी काय जपायचं, तिचं रक्त की तिचं स्थळ?

आम्ही स्थळ जपलं. विदर्भातून रायपूरला आलेली रेल्वेची माणसं आम्ही. बाबा युनियनची आणि अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं काढायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकलो. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्यापुढे रुंद रस्ते आले, आणि त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, निघाला. थंडीत हाडं दुखली की ती उशी चावायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. आईच्या पोटात बाळ वेगळं, चांगलं हिमोग्लोबिन बनवतं. जन्मानंतर पेशी ते बनवणारा जीन बंद करत नेतात आणि मोठेपणीचा चालू करतात. बहिणीचा बिघडलेला होता तो मोठेपणीचा. "पहिला काही मेला नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर प्रथिनं बसून असतात, त्याला वाचूच देत नाहीत. ही कॅप्सूल रोज घेतली की तो थोडा उघडतो. नेमका कसा, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण सोडली की पुन्हा बंद."

तो उघडला. बहीण सायकलने चौबे कॉलोनीत शिकवणीला जाऊ लागली.

मग नागपूरकडचं स्थळ आलं. मावशीला भनपुरीच्या औषधवाल्याने सांगितलं होतं की ही दवाई कॅन्सरवाल्यांना देतात.

"पाहुण्यांनी डबी पाहिली तं? लगन होईस्तोवर बंद कर, पोट्टे," मावशी बहिणीला म्हणाली.

"अन् दुखलं तं?" मी विचारलं.

"तू काहून मधात बोलून राहिला? डॉक्टर हायेस का? जा, पत्रकं वाट."

"रहने दो भैया," बहीण म्हणाली. "दुखलं तं पाहुण्यांचं ध्यान हटवाले मावशी नाचंल."

सगळे हसले. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिणारे बाबा पेपरात डोकं घालून बसले होते.

पत्रिका जुळली. रक्ताचं कुणी विचारलं नाही. कॅप्सूल थांबली आणि काही महिन्यांत पेशींनी तो जीन पुन्हा मिटवला.

लग्न पौषानंतरच्या थंडीत होतं. हळद उतरवताना बायकांनी अंगणात तिच्या अंगावर गार पाण्याचे तांबे ओतले. ती कळवळून रडायला लागली. "माहेर सोडवत नाही हो पोरीले!" म्हणत बायका गाणी म्हणत राहिल्या. गार पाण्याने तिचं दुखणं उठलं होतं. ते मला कळत होतं, आईला कळत होतं, मावशीलाही. तरी पुढचा तांबा भरला गेला.

आज ती सासरी आहे. आजार तिथे सांगितलेलाच नाही, म्हणून तिथेही डबी नाही. "मैं ठीक हूँ," म्हणते आणि मागे कुणाचा आवाज आला की फोन ठेवते. राजधानीत कितीही दवाखाने उघडले तरी तिच्या पेशीतलं त्या जीनचं दार आतून मिटलेलं आहे, आणि मला कुठेच उजेड दिसत नाही.

तुमच्या घरात कुणाचं औषध असं लोकांच्या भीतीनं थांबलं असेल, तर आज तिला एकटीला गाठून विचारा आणि उद्या डॉक्टरकडे घेऊन जा. लग्न जुळवत असाल तर पत्रिका उघडण्याआधी दोघांचंही रक्त सिकलसेलसाठी तपासा.