चार चाचपली, दोन मिळाली

बाबांची कांजूरमार्गची कंपनी बंद पडली त्या वर्षी आमच्याकडे एका अंड्याची बुर्जी तिघांना पुरायची. आई आधी तीन मोठे कांदे परतायची, त्यावर मूठभर बेसन भुरभुरायची आणि सगळ्यात शेवटी ते एक अंडं फोडायची. ताटात अंडं कुठे आहे ते शोधावं लागायचं. घाटकोपरची खोली सुटली. बाबा कंपनीत फिटर होते, त्यांना आरेतल्या एका नर्सरीत माळ्याचं काम मिळालं, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांसकट. पान्याच्या जागी हातात खुरपं आलं. ते त्यांना बराच काळ सोसलं नाही. गावाहून फोन आला की "नर्सरीत लागलोय" एवढंच सांगायचे, आणि पलीकडच्याला वाटायचं, पोरांच्या शाळेत शिपाई लागले. बाबा ते खोडून काढायचे नाहीत.

मला यात लाज वाटत नाही. सगळं लिहायचं तर इथूनच लिहायला हवं.

आई मात्र तिथे गेल्यापासून खुलली. खोल्यांमागे पडीक जागा होती. तबेल्यातलं शेण जवळच मिळायचं. तिने वर्षभरात तिथे मिरची, वांगी, लाल माठ, आळू आणि मांडवावर पडवळ असं सगळं उभं केलं. मग गावाहून पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. दोन वेळा कोंबडी अंड्यांवर बसवली आणि पाचाच्या बारा झाल्या. दिवस कलायच्या आत त्या खुराड्यात जायच्या, कारण बिबट्या रोजचा. आमच्या आधीच्या माळ्याचं कुत्रं त्यानेच नेलं होतं.

शेजारच्या खोल्यांत काकी राहायची. मालवणची. नवरा तबेल्यात कामाला, ती गोरेगावच्या एका बिल्डिंगमध्ये घरकामाला. आम्ही राजापूरकडचे, त्यामुळे दोघींचं जमलंही आणि कुणाच्या माशाच्या कालवणाला चव जास्त यावरून वाजलंही. ती आईला वयनी म्हणायची आणि मला चेडवा. तिच्या कामावरचं एक कुटुंब परदेशी गेलं, तेव्हा त्यांनी तिला त्यांचा छोटा ओव्हन देऊन टाकला. काकीने त्यात मसाल्याचे डबे ठेवले होते.

"तेच्यात मुंगी जाणा नाय," ती म्हणाली.

आईने तो ओव्हन बघितला आणि तिचं डोकं चालू झालं. मोबाईलवर बघून बघून तिने केक शिकला. पहिले सात बिघडले, ते कोंबड्यांनी खाल्ले. आठवा उभा राहिला. तबेल्याच्या दुधाचा खवा काकी आटवून द्यायची आणि आई मावा केक करायची. ओव्हन काकीचा, हात आईचा, दर शनिवारी एक केक काकीच्या घरी. केकच्या खोक्यावर मी स्केचपेनने लिहायचे, 'गावठी अंडी'. गिऱ्हाईकं त्या दोन शब्दांसाठी मागायची. आई दुकानाचं पांढरं अंडं त्यात कधी घालणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तिने घातलंही नसतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय प्राणिशास्त्र. बाबांच्या पगारात घर चालायचं, माझं कॉलेज केकवर चालायचं. डिसेंबरअखेर फी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म घेणार नव्हते. नाताळात केकच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त यायच्या, आणि माझं शेवटचं वर्ष त्या ऑर्डरींवर अवलंबून होतं.

दिवाळी झाली आणि अंडी कमी व्हायला लागली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आईला एवढी खात्री कशी होती ते कळणार नाही. आमच्याकडे बायका सकाळी खुराडं उघडायच्या आधी एकेक कोंबडी हातात घेऊन चाचपतात. बोटाने. आत अंडं तयार असेल तर बोटाला लागतं. ती कोंबडी त्या दिवशी अंडं घालणार म्हणजे घालणार. आई यात कधी चुकायची नाही. चाचपलेल्या कोंबड्या ती आत कोंडून ठेवायची, बाकीच्या सोडायची. म्हणजे सकाळी सातला तिला माहीत असायचं, आज किती अंडी येणार.

"आज चार चाचपली," ती एका दुपारी म्हणाली, "दोन मिळाली."

बाबा म्हणाले, "मुंगूस असेल."

"मुंगूस खाऊन झाल्यावर दाराला कडी लावून जातं काय?"

"मग धामण."

"धामण भोकातून आत जाईल एक वेळ. दोन अंडी पोटात घेऊन त्याच भोकातून परत येईल? फिटर ना तुम्ही? मापं बघा की जरा."

बाबांनी खरोखर टेप आणून भोकं मोजली. मोठ्यात मोठं बोटभर होतं. मग त्यांनी टेप गुंडाळून ठेवली. कडी काढायला माणसाचा हात लागतो, आणि दिवसभर मागच्या जागेत आम्ही नाहीतर काकी, तिसरं कुणी यायचं नाही. जेवताना तिघंही आपापल्या ताटात बघत बसलो.

त्या दिवसापासून घर बदललं. आई काकीशी बोलताना तिच्या पदराकडे बघायला लागली. काकी आळू न्यायला आली की आई काहीतरी निमित्त काढून तिच्यासोबत मांडवापर्यंत जायची. "राहू दे गं, मी काढून देते," म्हणायची. वरवर ते प्रेमच दिसायचं.

मीही काही वेगळी नव्हते. एका सकाळी काकीच्या खिडकीतून ऑम्लेटचा वास आला. मी तो वास मनात धरून कॉलेजला गेले, दोन लेक्चरं बसले आणि तो तसाच घरी घेऊन आले. संध्याकाळी काकी कामावर असताना मी तिचा कचऱ्याचा डबा काडीने उकरला. आत टरफलं होती. पांढरीशुभ्र, दुकानाची. आमच्या कोंबड्यांची अंडी चहाच्या रंगाची. म्हणजे काकी निर्दोष, असं कुणालाही वाटलं असतं. मला वाटलं, हुशार आहे, वर दुकानाची टरफलं टाकते आणि आमची पुरते. शास्त्र शिकत होते मी. पुरावा समोर असून त्याचा उलटा अर्थ लावला.

ऑर्डरी घेतलेल्या, अंडी रोज दोन-तीन. आईने दोन गिऱ्हाईकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या फोननंतर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी फी होऊ नये अशी कुणाची तरी इच्छा आहे."

मग तिने चुलीतली राख चाळली आणि दुपारी खुराड्याभोवती पातळ पसरली. संध्याकाळी राखेत चपलेचा ठसा होता. डावी चप्पल, टाचेकडे झिजलेली. ती कुणाची ते विचारायची गरज नव्हती.

आई तशीच काकीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे.

"दुपारी खुराड्याकडे कशाला गेली होतीस?"

काकी तांदूळ निवडत होती. "शिळो भात होतो. कोंबड्यांका घातलंय. कित्याक?"

"कडी काढून?"

"कडी काढल्याशिवाय भात खंय घालू, तुझ्या डोक्यार?" काकी हसली. आई हसली नाही. तेव्हा काकीने सूप खाली ठेवलं. "वयनी, माका चोर म्हणतंस?"

"मी म्हटलं नाही."

"म्हणूक नाय, पण राख घातलंस." तिचे पाय अजून राखेने माखलेले होते, ते तिने तेव्हा बघितले. "तुझा अंडा माका कित्याक व्हया गो? खवो माझो, ओव्हन माझो. मी एक शब्द बोललंय कधी?"

"बोललीस की आत्ता," आई म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये मसाल्याचे डबे परत गेले. काकीच्या खिडकीतून ते दिसत होते, दिसावेत असेच ठेवलेले. आईने जुन्या पातेल्यात वाळू तापवून त्यात केक करून बघितला. खालून करपला, मधे कच्चा. तसे तीन गेले. डिसेंबर लागला होता.

मी ठरवलं, चोरीचा साक्षीदार व्हायचं. एका रविवारी आईने तीन चाचपल्या, आणि मी पडवळाच्या मांडवाआड पाट टाकून प्रॅक्टिकलची वही घेऊन बसले. नजर काकीच्या दारावर होती. दार बंद. तास गेला, दीड गेला. मला डास चावत होते आणि आत कोंबड्या कुरकुरत होत्या. मग तिघींतली तांबडी ओरडली. अंडं घातल्यावर ओरडतात तशी. मी सहज फटीतून आत बघितलं.

तांबडी उठली, वळली, अंड्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि एक टोच मारली. मग दुसरी. बलक गवतावर सांडला तशा बाकीच्या दोघी धावल्या. मिनिटभरात सगळं संपलं. टरफलसुद्धा. मग तांबडीने चोच गवताला पुसली, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने.

मी वहीत वेळ लिहिली. मग पेन थांबलं, कारण मला आठवलं.

आई आधी केकची टरफलं मिरचीच्या बुंध्याशी टाकायची. दसऱ्याच्या सुमाराला मी तिला थांबवलं होतं. टरफलात कॅल्शियम असतं, फुकट घालवू नको, कोंबड्यांना घाल, अंडी मजबूत होतील. "गावाला असं कुणी करत नाही," ती म्हणाली होती. "गावाला कुणी शिकलेलं नाही," मी म्हणाले होते. तिने ऐकलं. पोरगी कॉलेजात जाते म्हणून ऐकलं. रोज अर्धी अर्धी टरफलं, आत पांढरा बलक चिकटलेला, तशीच खुराड्यात टाकली. कोंबड्यांना त्याची चव लागली. पुढे टरफल आणि अंडं यातला फरक त्यांनी कशाला करावा? टरफल भाजून, कुटून, बारीक भुकटी करून घालायचं असतं. ते माझ्या पुस्तकात नव्हतं, किंवा असेलही, मी तेवढं वाचलं नव्हतं.

हे कळल्यावर मी लगेच धावत जाऊन सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत आई काकीला तोंडावर नाही पण भिंतीला ऐकू जाईल असं बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. मला भीती आईची नव्हती. ह्या घरात शिकलेली मी एकटी होते, आणि ते एकच माझ्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी आधी काकीकडे गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं. ती उंबऱ्यापर्यंत आली.

"म्हणजे चोर कोंबडी."

"हो."

"आणि तेका शिकवणारा तू."

"हो काकी."

"कॉलेजात ह्याच शिकवतत काय गो?" ती म्हणाली. मग पुन्हा, हळू आवाजात, "तुझ्या आवशीन राख घातलेली, चेडवा. सगळ्यांनी बघल्यानी. तबेल्यात ह्यांका इचारल्यानी, काय झाला म्हणान."

मी तशीच मागे फिरले.

आईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. मला वाटतं, काकीच चोर असावी असं तिला तोवर हवंसं झालं होतं. मी तिला पाटावर बसवून फटीतून दाखवलं. तांबडीने निराश केलं नाही. आई उठली, पदर खोचला आणि खुराड्यात शिरून तांबडीला पायांनी धरून बाहेर काढलं. "धू आणि मसाला वाट," एवढंच मला म्हणाली.

त्या दुपारी ती रश्शाचं पातेलं घेऊन काकीच्या दारात गेली. माफ कर वगैरे शब्द आमच्याकडे बायकांच्या तोंडात बसत नाहीत. ती म्हणाली, "जरा तिखट झालंय."

काकीने झाकण उचलून बघितलं. "हीच ती?"

"हीच."

"आणि दोघी होते ना गो तेच्यावांगडा?"

"त्यांची सवय आता मोडू दे."

काकीने पातेलं आत घेतलं. आईला आत बोलावलं नाही. पण संध्याकाळी मसाल्याचे डबे ओव्हनमधून बाहेर आले.

दोघींची सवय मोडायला काकीने पोकळ अंड्यात मिरचीचा ठेचा भरून ठेवायला सांगितला. मी म्हटलं, पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही. ह्या वेळी माझं बरोबर होतं, पण कुणी ऐकलं नाही आणि मी वादही घातला नाही. कोंबड्यांनी ठेचा चवीने खाल्ला. शेवटी बाबांनी उपाय केला. खुराड्यातल्या फळीला मागे उतार दिला, वर गोणपाट ठोकलं आणि मागे एक फट ठेवली. अंडं पडलं की गडगडत फटीतून बाहेरच्या पेटीत. कोंबडी वळून बघते तोवर अंडं गायब. फिटरचं काम होतं, एक सूतही इकडेतिकडे नव्हतं. गावाहून फोन आला तेव्हा बाबांनी त्या फळीचं वर्णन अर्धा तास केलं, आणि नर्सरी म्हणजे झाडांची, हेही ओघात सांगून टाकलं.

पुढचे दहा दिवस ओव्हन थंड झाला नाही. नाकारलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक परत आलं, दुसरं आलं नाही. काकी खवा द्यायची, पण पहिल्यासारखी आमच्या ओट्यावर टेकायची नाही. दारातूनच भांडं पुढे करायची. आई ते दोन्ही हातांनी घ्यायची. मी ते बघायचे आणि अभ्यासाला बसायचे.

फी शेवटच्या दिवशी भरली. एप्रिलमध्ये परीक्षा दिली. मी बी.एस्सी. झाले, फर्स्ट क्लासमध्ये. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली.